मी झाडावरून पडलो नव्हतो

आमच्या घरातल्या सुऱ्या बोथट आहेत. कात्री कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर असते आणि टेबलाच्या चारही कोपऱ्यांना आईने जुन्या चादरीच्या चिंध्या गुंडाळल्यात. नवीन माणूस घरी आला की हमखास विचारतो, "लहान मूल आहे वाटतं घरात?" आहे ना. मीच तो. वय वर्षं चौतीस, दाढीमिशांसकट.

माझं रक्त लवकर गोठत नाही. हिमोफिलिया म्हणतात त्याला. रक्त गोठायला एकामागून एक बरेच घटक लागतात, त्यातला आठव्या नंबरचा माझ्यात जवळजवळ नाहीच. देवाच्या दुकानात त्या दिवशी तो संपला असावा. लोकांना वाटतं, बोट कापलं की मी खलास. तसं काही नसतं. बोट दाबून धरलं की थांबतं हळूहळू. खरा छळ आतला असतो. कुठे काही लागलेलं नसताना, नुसते दोन जिने चढलो म्हणून गुडघ्यात रक्त उतरतं, गुडघा भोपळ्यासारखा फुगतो आणि मग असा ठणका लागतो की नको ते जगणं. वर्षानुवर्षं हेच झालं की सांधा कामातून जातो. माझा डावा गुडघा तसा गेलाय. तो धड वाकत नाही आणि धड सरळही होत नाही, त्यामुळे मी लंगडतो.

शाळेत मला 'काच' म्हणायचे. पुढे मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवायला लागलो तेव्हा ताई म्हणाली, "घ्या! काचेला नोकरीसुद्धा काचेतच." ताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. मी काच, तर ती दगड. हे नाव मीच ठेवलं होतं, आणि तिला ते आवडायचं. माझं दप्तर ती उचलायची, मला ढकलणाऱ्या पोरांना ती बदडून काढायची. तिच्या दंडांवर कायम काळेनिळे डाग असायचे. आई म्हणायची, "धसमुसळी आहे नुसती, कुठे आपटून घेते देव जाणे." महिन्याच्या त्या दिवसांत ताई भिंतीला टेकून बसून राहायची, तोंड पांढरंफटक. आई म्हणायची, "माझंही असंच होतं. बायकांच्या जन्माला ते आलंच." आणि बर्फाची पिशवी घेऊन माझ्या गुडघ्याकडे वळायची.

आईला नावं ठेवायला मी हे सांगत नाही. बाबा लवकर गेले. या बाईने एकटीने शिवणाच्या मशीनवर घर चालवलं, आणि माझी शीर शोधून सुई टोचायला ती कुठल्याही नर्सच्या आधी शिकली. शेजारपाजारी तिला निम्मी डॉक्टर समजायचे. तीही समजायची, आणि तिथेच घोडं अडलं.

ताईचं लग्न जमवताना पहिल्या स्थळाला आईने सगळं खरं सांगितलं होतं. माणसं चहा पिऊन गेली ती गेलीच. दुसऱ्यांनी निदान निरोप पाठवला, की मुलगी लाखात एक आहे, पण घराण्यात खोट नको. त्या दिवशी आईने तोंडाला जे कुलूप लावलं ते लावलंच. तिसऱ्या खेपेला आल्या त्या भावोजींच्या आई. बाई तोंडाने फटकळ, मनाने स्वच्छ. मी चहाचा ट्रे घेऊन लंगडत बाहेर आलो तशा म्हणाल्या, "अगंबाई, याच्या पायाला काय झालं?"

मी आईकडे बघितलं. आईने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर झाड होतं.

"लहानपणी झाडावरून पडला," आई म्हणाली.

झालं! त्या दिवसापासून मी झाडावरून पडलेला. सुरुवातीला मला लाज वाटायची, मग मजा वाटायला लागली. ताईच्या सासरी गेलो की कोणीतरी विचारायचंच, आणि दर वेळी झाड थोडं वाढायचं. आधी ते एकमजली होतं, मग दुमजली झालं. मग त्याच्या शेंड्याला एक लाल पतंग अडकला. मग मी पडताना पतंग हातातून सोडलाच नाही, असंही मी घुसडून दिलं. काकू, म्हणजे ताईच्या सासूबाई, माझ्यासाठी खुर्ची ओढायच्या, पाय ठेवायला स्टूल सरकवायच्या आणि म्हणायच्या, "मेल्या, एका पतंगापायी पाय घालवलास!" सगळे हसायचे. ताई हसायची नाही.

एकदा ती मला म्हणाली, "काच्या, तोडून टाकू या का ते झाड? मी सांगते ह्यांना." आईने ते ऐकलं आणि तिथेच हात जोडले. "संसार नीट चाललाय ना तुझा? मग झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि तुला काय त्याचं? मुलींना हा आजार होत नाही. मुलींकडून तो फक्त पुढे जातो. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय मला." हे मोठे डॉक्टर मी पाळण्यात असतानाचे. पण आमच्या घरात त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

ताईला दिवस गेले. प्रसूतिगृहात नाव नोंदवताना डॉक्टर मॅडमनी विचारलं, की माहेरी कोणाला रक्ताचा काही आजार? काकू शेजारच्या खुर्चीत बसलेल्या. आई म्हणाली, "छे, आमच्याकडे असलं काही नाही." ताई खाली बघत राहिली. हे सगळं मला ताईनेच नंतर सांगितलं, आणि त्यावर मीसुद्धा काही बोललो नाही. बाळंतपण अगदी सुरळीत झालं. मुलगी झाली. आईने माझा कान जवळ ओढला आणि पुटपुटली, "मुलगी झाली रे. सुटलो!"

आता मला जरा माझ्या डब्याबद्दल सांगू द्या, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझा गुडघा बदलायचं ऑपरेशन ठरलं होतं. आमच्यासारख्यांचं ऑपरेशन म्हणजे आठवा घटक भरपूर हवा. ऑपरेशनच्या आधी हवा, चालू असताना हवा आणि नंतरही कितीतरी दिवस हवा. तो इंजेक्शनने शिरेत देतात. छोट्या बाटलीत पांढरी पूड असते, सोबत पाण्याची बाटली. हिमोफिलियाच्या केंद्रातून तो मिळतो, पण तिथे आज आहे तर उद्या नाही. डॉक्टर म्हणाले, तारीख देतो, पण थोडा साठा तुमच्याजवळही असू द्या. मग मी साठवायला लागलो. म्हणजे काय, तर कोपरात रक्त उतरलं की इंजेक्शन न घेता बर्फ लावून पडायचं. घोटा सुजला की दातओठ खाऊन सोसायचं. शुद्ध वेडेपणा! डॉक्टरांना कळलं असतं तर त्यांनी मला उलटं टांगलं असतं. आमच्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात एक स्टीलचा डबा आहे. त्यातल्या एकेका खोक्याचं दुखणं मला पाठ आहे. हे कोपराचं, ते घोट्याचं, आणि ते कोपऱ्यातलं आई माझ्या उशाशी रडली होती त्या वेळचं. डबा भरत आला आणि तारीख मिळाली, पुढच्याच महिन्यातली. आता आपण उभं राहून काम करणार, हे मी दुकानात मालकांना सांगूनही टाकलं होतं.

आणि त्या दुपारी काकूंचा फोन आला. बाळाला तेव्हा दुसरा आठवडा लागला होता.

आम्ही पोचलो तेव्हा ताई प्रसूतिगृहाच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत होती. चेहरा कागदासारखा, ओठांना रंग नाही. एका हाताला सलाईन, रक्ताची पिशवी यायची होती. मला बघून पहिलं काय म्हणाली असेल? "जिने का चढलास रे गाढवा?"

काकू दाराशी बाळाला घेऊन उभ्या होत्या. "तीन-चार दिवस म्हणत होती, जास्त जातंय. मी म्हटलं, जातंच बाळंतपणात. आज बाथरूममधून येता येता कोसळली." त्यांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. भावोजी नुसतेच भिंतीला टेकून उभे होते.

मॅडमनी हातातलं सगळं केलं होतं. सोनोग्राफी झाली, आत काही राहिलेलं नव्हतं. गर्भाशय आवळायचं औषध दिलं होतं. आणि रक्त थांबवायचं इंजेक्शनही दिलं होतं, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. या नावाची आणि माझी जुनी ओळख. माझी दाढ काढली तेव्हा आठव्या घटकाच्या जोडीला हेच होतं. अपघातात रक्तबंबाळ झालेल्याला हेच देतात, मोठ्या ऑपरेशनला हेच देतात आणि बाळंतिणीलाही हेच. रक्ताची गुठळी झाली की शरीर ती हळूहळू विरघळवायला लागतं, आणि हे औषध त्या विरघळवणाऱ्याला अडवतं. मी त्याला राखणदार म्हणतो. त्याने ताईचं रक्त जरा कमी झालं होतं. सगळ्यांनी श्वास सोडला, आणि तेवढ्यात ते पुन्हा सुरू झालं.

मॅडम कपाळाला आठी घालून चार्ट बघत होत्या. नर्स त्यांना सांगत होती, की चादर परत बदलावी लागली. मी पलंगाच्या पायथ्याशी बसलो होतो आणि माझी नजर ताईच्या दुसऱ्या हातावर गेली. कोपराच्या घडीत तपासणीसाठी रक्त काढलं होतं, तिथे कापसाचा बोळा आणि वर चिकटपट्टी. बोळा लाल झाला होता. नर्सने तो काढून नवा लावला आणि ती दुसऱ्या कामाला लागली. मी बघत बसलो. नवा बोळा मधोमध गुलाबी झाला. मग तो गुलाबी ठिपका पसरला आणि लाल झाला.

हा बोळा मी आयुष्यभर बघत आलोय. फक्त तो माझ्या हातावर असायचा.

दंडांवरचे ते डाग आठवले. भिंतीला टेकलेली ताई आठवली. एकदा खेळताना तिचं नाक फुटलं होतं आणि संध्याकाळपर्यंत ती रुमाल बदलत होती, ते आठवलं. तेव्हा मी तिला चिडवलं होतं, दगडाला कुठून आलं गं एवढं रक्त? राखणदार बिचारा इमानदारीने उभा होता. पण शेतात काही उगवलंच नाही तर तो राखणार काय?

मॅडम आम्हाला बाहेर कॉरिडॉरमध्ये घेऊन आल्या. "मला तिला आत घेऊन, भूल देऊन, गर्भपिशवी साफ करून बघावं लागेल. पण त्याआधी परत एकदा विचारते. घरात कोणाचं रक्त लवकर न थांबण्याचा त्रास? दात काढल्यावर, पडल्यावर, ऑपरेशननंतर? कोणालाही?"

काकू आईकडे बघत होत्या. भावोजी बघत होते.

"नाही हो," आई म्हणाली, आणि तिने माझं मनगट धरलं. हळूच धरलं. घट्ट धरलं तर मला डाग पडतो, हे ती त्या क्षणीसुद्धा विसरली नव्हती. ती खोटं बोलली, पण ताईला मारायला नाही. तिला मनापासून वाटत होतं की याचा ताईशी काही संबंध नाही. मुलींना होत नाही म्हणजे नाही!

मी मनगट सोडवून घेतलं.

"मी झाडावरून पडलो नव्हतो," मी म्हणालो.

भावोजींना वाटलं, माझं डोकं फिरलं. काकू म्हणाल्या, "अरे, ही वेळ आहे का?"

"हीच वेळ आहे काकू. झाड नव्हतं. पतंग नव्हता. मला हिमोफिलिया आहे, जन्मापासून. आठवा घटक नाही माझ्यात. मॅडम, तिच्या हातावरचा बोळा बघा."

मॅडम तडक आत गेल्या आणि बोळा बघून परत आल्या. "सख्खे भाऊ?"

"सख्खा."

"पण मुलींना नसतो हो तो!" आई जवळजवळ ओरडलीच. "मुली फक्त वाहक असतात. मला मोठ्या डॉक्टरांनी—"

"आई," मॅडम म्हणाल्या. त्या चिडल्या असणार, पण आवाज त्यांनी धरून ठेवला. "वाहक मुलीतही तो घटक कमी असू शकतो. गरोदरपणात तो आपोआप वाढतो, म्हणून बाळंतपण सुखरूप झालं. बाळंतपणानंतर तो उतरतो. तो आता उतरलाय. मला हे आधी कळलं असतं तर..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं आणि फोन कानाला लावला.

रक्ताच्या आजाराचे तज्ज्ञ फोनवर मिळाले. रक्त गोठायला लागणाऱ्या वेळाची तपासणी तातडीने करून घेतली, तो वेळ वाढलेला निघाला. घटकाच्या तपासणीसाठी वेगळं रक्त काढून ठेवलं. साफ करायला आत घ्यायचं नाही, आधी आठवा घटक द्या, ट्रॅनेक्झॅमिकही चालू ठेवा, असं ते म्हणाले. मॅडम आमच्याकडे वळल्या. "आमच्याकडे तो ठेवत नाहीत. केंद्रातून मागवते, पण यायला उद्या उजाडेल."

"माझ्या घरी आहे," मी म्हणालो. "डबाभर."

"अरे, पण तुझं ऑपरेशन..." आई म्हणाली, आणि शब्द तोंडातून निघाल्या निघाल्या तिने स्वतःच्या तोंडावर हात मारून घेतला.

मला तिचा असा राग आला, असा राग आला, की काय सांगू! इतकी वर्षं ज्या वळणाने पाणी वाहिलं त्याच वळणाने ते गेलं. काकूंनी तिच्याकडे एकदाच बघितलं आणि बाळाला घेऊन त्या आत निघून गेल्या.

भावोजींनी मला स्कूटरवर मागे बसवलं. खड्डा आला की ते स्कूटर अगदी सावकाश काढत होते. आता त्यांना कळलं होतं ना, मी कसल्या मातीचा आहे ते. सिग्नलला थांबलो तेव्हा मान न वळवता म्हणाले, "म्हणजे झाड नव्हतंच?"

"नव्हतं."

"मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय. पतंगासकट." मग थोडं थांबून म्हणाले, "ती वाचेल ना रे?"

"वाचेल," मी म्हणालो. मला काय ठाऊक! पण म्हणालो.

घरी फ्रिज उघडला, डबा काढला. आणि खोटं कशाला बोलू, हात थांबला. अर्धे नेले तर? अर्ध्याने भागलं तर? कोपराचं, घोट्याचं, सगळी दुखणी ओळीने उभी राहिली. मी माझ्या गुडघ्याकडे बघितलं, तो नेहमीसारखाच वाकडा. मग मला ताईचं ते पहिलं वाक्य आठवलं. मरणाच्या दारात पडून बया माझे जिने मोजत होती! मी डबा झाकणासकट उचलला, बर्फाच्या पिशवीत घातला आणि जिन्यावरून जमेल तेवढ्या वेगाने खाली उतरलो. हो, रडत उतरलो.

नर्सने पुडीत पाणी घातलं तशी आई कोपऱ्यातून म्हणाली, "जोरात हलवू नका हो, फेस होतो."

"माहितीये आई," नर्स म्हणाली, आणि बाटली दोन तळव्यांत अलगद फिरवत राहिली. मॅडमनी ताईच्या वजनावरून हिशेब करून किती द्यायचं ते सांगितलं. सिरिंज भरली. नर्सने ती सावकाश, अगदी सावकाश शिरेत रिकामी केली. आईची बोटं लुगड्याच्या पदरावर नर्सच्या अंगठ्याबरोबर हलत होती.

ताईने डोळे उघडले. सिरिंज बघितली, मग मला बघितलं. त्या बाटल्या ती लहानपणापासून ओळखते. "काच्या," ती म्हणाली, "हे तुझ्या पायाचं आहे."

"गप पड," मी म्हणालो. "दगडाने बोलायचं नसतं."

वाट बघण्याबद्दल सांगण्यासारखं काही नसतं. चादर बदलली. मग पुन्हा बघितलं, तर आधीइतकी भिजलेली नव्हती. दुसरं इंजेक्शन दिलं. रक्ताच्या पिशव्या चढल्या. माझं सगळं लक्ष त्या बोळ्यावर. बाहेर अंधार पडून बराच वेळ झाल्यावर मॅडमनी चिकटपट्टी सोडवली, बोळा उचलला आणि आम्हाला दाखवला. मधला डाग सुकून तपकिरी झाला होता. खालच्या टोचलेल्या जागेतून काही आलं नाही.

"धरलं," मॅडम म्हणाल्या. भावोजी खाली फरशीवरच बसले.

मी कॉरिडॉरमधल्या बाकावर येऊन बसलो. गुडघा दगदगीने फुगायला लागला होता. काकू येऊन शेजारी बसल्या.

"किती वेळा त्या झाडाखाली उभी राहिले मी मनातल्या मनात," त्या म्हणाल्या. "वाटायचं, तेव्हा कोणीतरी खाली असायला हवं होतं, झेललं असतं पोराला." मग एकदम आवाज चढला. "लग्नाआधी सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं कदाचित. असतं ना! मी काही देवी नाही. पण लग्नानंतर? ती माझ्या घरात असताना? कालपर्यंत ती भिंतीला टेकून बसली होती आणि मी तिला सांगत होते, जातंच बाळंतपणात! हे वाक्य माझ्या तोंडी कोणी घातलं रे? तुम्ही घातलंत. ते आता माझ्या मानेवर बसलंय, मरेपर्यंत."

"चुकलं काकू," एवढंच म्हणालो.

"चुकलंच." त्या उठल्या, भिंतीजवळचं स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं. "पाय वर घे. सुजलाय," म्हणाल्या, आणि रागारागाने आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या ओठांना रंग होता. आधी काढून ठेवलेल्या रक्ताचा निकाल आला. तिच्यातला आठवा घटक माझ्याइतका तळाला नव्हता, पण हवा त्याच्या कितीतरी खाली होता. माझं ऑपरेशन पुढे गेलं, कधीपर्यंत ते केंद्रातल्या डॉक्टरांना सांगता आलं नाही. वाईट वाटलं का? वाटलं. अजूनही वाटतं. पण ताईच्या कुशीत ती पिटुकली तोंड उघडून झोपली होती, आणि ते बघताना वाईट फार वेळ टिकत नव्हतं.

मॅडमनी आम्हाला सगळ्यांना खोलीत गोळा केलं. "हिला अजून काही दिवस इंजेक्शनं लागतील, ती केंद्रातून येतायत. यापुढे दात काढायचा असो की ऑपरेशन, आधी सांगायचं. बाळाची तपासणी योग्य वेळी करू. तोवर तिला सुई टोचायची असेल तर आधी मला विचारा." मग त्या आईकडे वळल्या. "आणि तुमचंही रक्त घेऊ या."

"माझं?" आई हसलीच. "माझं कशाला? मला काय धाड भरलीय? मी धडधाकट आहे."

मग पलंगावरून ताईचा आवाज आला, बारीकसा. "आई, मीही धडधाकटच होते ना गं."

आईचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. ती हळूच खुर्चीत बसली. बाही वर केली. माझ्या हाताच्या शिरा तिला अंधारातसुद्धा सापडतात, पण स्वतःचा हात कुठे ठेवायचा हे तिला कळेना. नर्सनेच तो सरळ केला, रक्त घेतलं आणि वर कापसाचा बोळा ठेवला.

"दाबून धरा."

आईने दाबून धरला. तेवढ्यात बाळ रडलं, आणि सवयीप्रमाणे आई दोन्ही हात पुढे करून उठली. बोळा खाली पडला. कोपराच्या घडीतून रक्ताची बारीक रेघ मनगटाकडे निघाली.

"बसा हो विहीणबाई," काकू म्हणाल्या, "मी घेते हिला." आणि त्यांनी बाळ उचललं.

मी नवा बोळा घेतला, आईला खाली बसवलं आणि तिच्या हातावर दाबून धरला, जसा ती माझ्या हातावर धरायची. थोड्या वेळाने उचलून बघितला. लाल होता. परत दाबला. आई त्या बोळ्याकडे बघत होती.

"तुझ्या वेळी मी महिनाभर अंथरुणात होते," ती म्हणाली. "लुगड्यांच्या घड्याच्या घड्या भिजायच्या. सगळे येऊन तुलाच बघून जायचे. मला कोणी विचारलंच नाही रे. मग मीही नाही विचारलं."

"आता बोलू नकोस," मी म्हणालो. "हलू नकोस."

हे तिचंच वाक्य. तिने मान डोलावली आणि लहान मुलीसारखी गप्प बसून राहिली. मी बोळ्यावरचं बोट काढलं नाही.